वडिलांच्या डब्यातली रशियन नाणी – ओळखायला मदत हवी

ओझरची लेक

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

बाबा ओझरला एचएएलमध्ये टूलरूमला होते. मिग-२१ चं काम नवीन होतं तेव्हापासून निवृत्तीपर्यंत तिथेच. कारखान्यात सोव्हिएत तज्ज्ञ यायचे, टाउनशिपमध्ये राहायचे. त्यांच्यातल्या एकाशी बाबांची दोस्ती होती. एकाला मराठी येत नव्हतं, दुसऱ्याला रशियन येत नव्हतं, तरी दोघं रविवारी तासन्‌तास बुद्धिबळ खेळायचे, असं आई सांगते. बाबा गेल्या वर्षी गेले. परवा माळा आवरताना बिस्किटांचा पत्र्याचा जुना डबा निघाला. आत सूटवर लावायचे सहा-सात बिल्ले आणि २३ नाणी.

बहुतेक नाण्यांवर 'सीसीसीपी' लिहिलंय. दोन मोठी पांढरी आहेत. एकावर लेनिनचा चेहरा आणि १८७०–१९७०, दुसऱ्यावर हातावर लहान मूल घेतलेला तलवारधारी सैनिक. एका लहान पांढऱ्या नाण्यावर जहाज आहे. बाकी पिवळी छोटी, १, २, ३, ५ असे आकडे. त्यांवरची सालं १९४९ पासून १९८२ पर्यंत.

चोविसावं नाणं डब्यात नव्हतं, ते आमच्या देवघरात असतं. चांदीचं आहे. ऐरणीवर हातोडा उगारलेला लोहार आहे त्यावर. दर दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या ताटात तेही असतं, माझ्या आठवणीपासून. रशियन आहे हे मला आत्ता, डबा सापडल्यावर कळलं.

विकायची नाहीत. काय आहेत ते कळावं आणि नीट जपावीत, एवढंच.

मुद्रांकित

वाचतोय. फोटो टाका, दोन्ही बाजूंचे. उजेड तिरपा असू द्या.

रौप्यमुद्रा

ताई, आधी बाबांना नमस्कार. डबा जपून ठेवला त्यांनी.

'सीसीसीपी'पासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडे बाजारातही याला 'सीसीसीपीचं नाणं' म्हणतात. ती अक्षरं इंग्रजी दिसतात पण रशियन आहेत. रशियन लिपीत इंग्रजी सी-सारखं अक्षर म्हणजे 'स' आणि पी-सारखं म्हणजे 'र'. म्हणजे ते 'एस-एस-एस-आर' झालं, सोव्हिएत संघाच्या रशियन नावाची आद्याक्षरं. एवढी एक गोष्ट डोक्यात बसली की पुढचं वाचन निम्मं सोपं होतं. इंग्रजी एच-सारखं दिसतं तो 'न', बी-सारखा दिसतो तो 'व'.

सैनिकाचा रूबल १९६५ चा. युद्धातल्या विजयाला २० वर्षं झाली तेव्हा काढलेला, आणि सोव्हिएत संघाचा हा पहिला स्मारक रूबल. तो सैनिक म्हणजे बर्लिनच्या ट्रेप्टो पार्कातला पुतळा, शिल्पकार वुचेतिच. लेनिनचा रूबल जन्मशताब्दीचा, १९७० चा. तो तब्बल १० कोटी पाडला होता, त्यामुळे जगभर कुठेही सापडतो. जहाज म्हणजे 'अवरोरा' क्रूझर, २० कोपेक (१०० कोपेकचा १ रूबल), १९६७, क्रांतीची ५० वर्षं. ही तिन्ही नाणी चांदीची नाहीत, तांबं-निकेलच्या मिश्रधातूची आहेत.

मोठ्या रूबलची कड बघा. त्यावर 'एक रूबल' आणि तारीख खोदलेली असेल. १९८८ साली जुने स्मारक रूबल संग्राहकांसाठी परत पाडले, त्यांच्या कडेवर 'न' हे अक्षर आहे, म्हणजे आपल्याला एच दिसेल. बाबांना ते आधीच मिळाले असतील तर हे अक्षर नसणार.

पण मला खरी उत्सुकता लोहाराची आहे. त्याचा फोटो आधी टाका, कडेसकट.

ओझरची लेक

इतक्या लगेच इतकी माहिती! मनापासून आभार.

रूबलच्या कडेवर एच नाही, दोन्ही तपासले. लोहाराचा फोटो टाकलाय. चेहरा जवळजवळ गेलाय. आई दर दिवाळीत चांदीच्या भांड्यांबरोबर रांगोळीने घासते त्याला. पन्नासेक वर्षं तरी.

रौप्यमुद्रा

फोटो पाहिला. १९२४ चा पोल्तिन्निक, म्हणजे अर्धा रूबल. वजन १० ग्रॅम, त्यात ९ ग्रॅम शुद्ध चांदी. क्रांती आणि यादवीत चलनाचा पार चुराडा झाला होता. १९२१–२२ पासून चांदीची नाणी पुन्हा पाडली, १९२४ ला नव्या सोव्हिएत संघाच्या नावाने ती लोकांच्या हातात आली. रूबलवर शेतकऱ्याला उगवता सूर्य दाखवणारा कामगार, अर्ध्या रूबलवर हा लोहार. १९२७ पर्यंत पाडला, मग बंद.

रांगोळीने घासल्याचं वाईट वाटतं, पण आईंना काही म्हणू नका. आपल्या घरांत चांदी अशीच घासतात, त्यांनी ती चांदी म्हणून जपली. आता मात्र थांबवा. आणि एक विनंती. घासताना बोट नाण्याच्या तोंडावर फिरतं, कडेवर फारसं नाही. बऱ्याचदा चेहरा जातो आणि कड शाबूत राहते. कडेवरची अक्षरं वाचता येतात का बघा. 'शुद्ध चांदी ९ ग्रॅम' असा मजकूर असेल आणि शेवटी दोन आद्याक्षरं. ती दोन अक्षरं मला हवी आहेत.

जुना मॉस्कोकर

हा धागा पाहून राहवलं नाही. मी १९७८ ते १९८४ मॉस्कोत शिकायला होतो, लुमुम्बा विद्यापीठात. ताईंनी लिहिलेली ती पिवळी छोटी नाणी सहा वर्षं माझ्या कोटाच्या खिशात खुळखुळत होती.

५ कोपेकला 'प्याताक' म्हणायचे. मेट्रोचं भाडं ५ कोपेक, शहरात कुठूनही कुठेही, आणि ते १९६१ पासून १९९१ पर्यंत बदललं नाही. रोज सकाळी नाणं फाटकात टाकायचं आणि चालू पडायचं. २ कोपेकचं नाणं सार्वजनिक फोनसाठी. ते खिशात नसलं की अनोळखी माणसालाही विचारायचं, 'दोन कोपेक आहे का?' आणि लोक देऊन टाकायचे. रस्त्यावर सोड्याची यंत्रं होती, १ कोपेकला साधा सोडा, ३ कोपेकला सरबत घातलेला. काचेचा एकच पेला, उलटा दाबून धुवायचा आणि पुढच्याने त्यातच प्यायचा. नवीन गेलेल्या आम्हा मुलांना आधी ते झेपायचं नाही. उन्हाळ्यात झेपायला लागलं.

१९८० च्या ऑलिंपिकसाठी सहा वेगवेगळे रूबल काढले होते. क्रेमलिनचं चित्र असलेला १९७८ चा माझ्याकडे आहे. त्यातल्या काही नाण्यांत स्पास्काया मनोऱ्याच्या घड्याळात चूक झाली आहे, रोमन चारच्या जागी रोमन सहा. मी भिंगाखाली पाहिलं, माझा बरोबर वेळ दाखवणारा निघाला.

ताई, बाबांचा मित्र नाण्यांतलं काहीच बाबांना 'देत' नव्हता बहुधा. खिशात उरलेली मोड तो सोडून गेला असणार. सोव्हिएत माणूस परदेशी जाताना खिशातली चिल्लर अशीच घेऊन जायचा आणि ती बाहेर कुठेच चालायची नाही. १९४९ चं कुठलं आहे? १, २ किंवा ३ कोपेकच असणार.

ओझरची लेक

३ कोपेक! तुम्हाला कसं कळलं?

जुना मॉस्कोकर

१९६१ ला चलन बदललं, १० जुन्या रूबलचा १ नवा. नोटा, रूपेरी नाणी, जुने ५ कोपेकसुद्धा बदलून घ्यावे लागले. फक्त १, २, ३ कोपेकची जुनी नाणी त्याच किमतीला चालू ठेवली. म्हणजे ज्याच्या घरी ही चिल्लर बरणीत साठली होती, त्याची बरणी एका रात्रीत दहापट झाली. म्हणून १९६१ च्या आधीची नाणी माझ्या काळातही हातात यायची, पण फक्त या तीन किमतींची.

रौप्यमुद्रा

काका, हे उत्तम सांगितलंत.

ताई, आता त्या १९४९ च्या ३ कोपेकवर एक खेळ आहे. राजचिन्हाच्या बाजूला गव्हाच्या लोंब्यांवर फीत गुंडाळलेली दिसेल. तिचे वेढे मोजा, खालची मधली गाठही धरून. १९४९ ला १६ भरले पाहिजेत. प्रत्येक वेढा एक प्रजासत्ताक. १९३६ पर्यंतच्या नाण्यांवर ७, १९३७ पासून ११, १९४८ पासून १६. १९५६ मध्ये कारेलो-फिनिश प्रजासत्ताकाचा दर्जा काढून ते रशियात विलीन केलं, म्हणून १९५७ पासून १५, ते शेवटपर्यंत. तुमच्याकडच्या १९८२ च्या नाण्यावर १५ असतील. माझी मुलगी सात वर्षांची असताना तिला मी आकडेमोड यावरच शिकवली.

ओझरची लेक

मोजले!! १९४९ ला १६, १९८२ ला १५. आईसुद्धा चष्मा लावून मोजत बसली होती. ती म्हणाली, एक नाव पुसलं तर नाण्यावरची गाठपण सोडली त्यांनी.

कडेची अक्षरं अजून नीट लागत नाहीत, मळ साचलाय. घासू का थोडं?

रौप्यमुद्रा

नाही! घासू नका. कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा, फार तर साबणाचा एक थेंब. मग मऊ सुती कापडावर ठेवून नुसतं टिपा. चिंच, लिंबू, मीठ, टूथपेस्ट, यातलं काही नको. मळ निघाला नाही तर राहू दे.

कोल्हापुरी भालदार

धागा छान चाललाय, मध्येच माझा एक अनुभव सांगतो, नव्या लोकांच्या उपयोगी पडेल.

पाच वर्षांपूर्वी एका जत्रेत मला पीटर द ग्रेटचा १७०४ चा रूबल मिळाला, विकणारा म्हणे आजोबांचा आहे. पीटरचा रूबल! १ रूबल म्हणजे १०० कोपेक ही दशमान पद्धत पीटरने याच रूबलपासून पक्की केली, अमेरिकेचा डॉलर येण्याच्या कितीतरी आधी. मी भारावून घेतला. घरी येऊन सोनाराच्या काट्यावर टाकला तर १९ ग्रॅम भरला. पीटरचे रूबल २८ ग्रॅमच्या आसपास असतात. मग चुंबक धरलं आणि नाणं चटकन चिकटलं. चांदी चुंबकाला चिकटत नाही. पैसे गेले, पण तेव्हापासून खिशात छोटा काटा आणि चुंबक असल्याशिवाय मी बाजारात जात नाही.

आणखी एक. कोन्स्तान्तिनचा १८२५ चा रूबल कोणी दाखवला तर हात जोडून पुढे जा. झार पहिला अलेक्झांडर वारल्यावर भाऊ कोन्स्तान्तिन गादीवर येणार म्हणून त्याच्या चेहऱ्याचे नमुने घाईने पाडले. तो गादीवर आलाच नाही, निकोलस आला. खरी नाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. बाजारात फिरतात त्या सगळ्या नकला.

मुद्रांकित

+१. आणि नकली नाण्यात कड बघा. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडेवर जोडाची रेघ असते, अक्षरं गोल-गोल आणि मऊ दिसतात.

कझानची विद्यार्थिनी

मी मूळची लातूरची, सध्या कझानला एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला. इथली आत्ताची नाणी गोळा करते, स्वस्तात होतं आणि रोज दुकानात मोड मिळते तेव्हाच शोधायचं.

१० रूबलची दोन धातूंची स्मारक नाणी २००० पासून निघतात, त्यात प्रदेशांची मालिका आहे. आमच्या तातारस्तानचं २००५ चं आहे, ते मला बसमध्ये मिळालं. २०१० ची तीन नाणी मात्र कोणाला सापडत नाहीत. चेचन्या आणि यामाल-नेनेत्स प्रत्येकी १ लाखच पाडली आणि पेर्म २ लाख. इथले लोक तिन्हींची आद्याक्षरं जोडून त्यांना 'च्याप' म्हणतात. माझ्या वर्गातल्या एका रशियन मुलाच्या आजीकडे पेर्म आहे, तिने मला ते हातात धरू दिलं.

साध्या नाण्यांवरचा गरुडही बघण्यासारखा आहे. २०१५ पर्यंत त्याच्या डोक्यांवर मुकुट नव्हते, ते रशियाच्या बँकेचं चिन्ह होतं. २०१६ पासून मुकुटवाला राष्ट्रीय गरुड आला. कोपेक तर आता कोणी मोडीतही देत नाही. पण माझ्याकडे १९९८ चा १ कोपेक आहे आणि त्यावर घोड्यावर बसून भाला मारणारा संत जॉर्ज आहे.

रौप्यमुद्रा

लातूरच्या ताई, तो भाला म्हणजेच कोपेकचं नाव! १५३५ ला येलेना ग्लिन्स्कायाने, म्हणजे लहानग्या इव्हान द टेरिबलच्या आईने, राज्य चालवताना नाणी एकसारखी केली. एका नाण्यावर भाला घेतलेला घोडेस्वार होता. रशियनमध्ये भाल्याला 'कोप्यो' म्हणतात, त्यावरून कोपेक. जवळजवळ ५०० वर्षांनी तुमच्या हातातल्या नाण्यावर तोच भाला आहे.

ते सुरुवातीचे कोपेक माझे सगळ्यात लाडके. चांदीची तार कापायची, चपटी करायची आणि दोन ठशांमध्ये ठोकायची. नाणं नखापेक्षा लहान, सूर्यफुलाच्या बीसारखं लांबट. तिकडचे संग्राहक त्याला 'खवले' म्हणतात, माशाचे. ठसा मोठा आणि चांदी छोटी, म्हणून प्रत्येक नाण्यावर मजकुराचा एखादाच तुकडा येतो. ज्यांनी शिवराया हाताळल्या आहेत त्यांना हे लगेच समजेल. 'श्री राजा शिव' पूर्ण वाचायला आपण चार-पाच शिवराया शेजारी मांडतो, तसंच तिथेही करावं लागतं. पीटरने गोल, यंत्रावरची नाणी आणली तरी हे खवले १७१८ पर्यंत पाडले जात होते.

जुन्नरकर

एक प्रश्न. आमच्या जुन्नरला १५व्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी आला होता, चौलला उतरून. पावसाळा इथे काढला त्याने. त्याचा घोडा इथल्या खानाने काढून घेतला आणि मग परत मिळाला, हे त्याच्या वृत्तांतात आहे. त्याच्या गावाची नाणी कशी असतील?

रौप्यमुद्रा

फार सुंदर प्रश्न. निकितिन त्वेरचा. त्वेर तेव्हा स्वतंत्र संस्थान होतं आणि स्वतःच्या चांदीच्या देंगा, म्हणजे छोटी नाणी, पाडत होतं, याच तारेच्या खवल्यांसारख्या. १४८५ ला मॉस्कोने त्वेर ताब्यात घेतलं. निकितिन त्याआधीच, परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कजवळ वारला. म्हणजे त्याच्या पूर्ण आयुष्यात त्याच्या गावाचं नाणं त्याच्याच राजाचं होतं. त्वेरची एक देंगा मिळवायची माझी फार इच्छा आहे.

कोल्हापुरी भालदार

तुमच्या संग्रहातलं सगळ्यात भारी कुठलं, तेही सांगा ना.

रौप्यमुद्रा

भारी वजनानेच. दुसऱ्या कॅथरीनचं ५ कोपेकचं तांब्याचं नाणं, येकातेरिनबुर्ग टांकसाळ, १७७८. ५१ ग्रॅम! एका पूद तांब्यातून, म्हणजे सुमारे १६.३८ किलोतून, १६ रूबलची नाणी पाडायची असा हिशेब होता. त्या काळी सरकारी पगार तांब्यात मिळाला की गाडी जुंपायला लागायची.

त्याच काळातलं सायबेरियाचं नाणं अजून माझ्याकडे नाही. अल्ताईतल्या कोलीवानच्या तांब्यात थोडं सोनं-चांदी मिसळलेली असायची आणि ती वेगळी काढणं परवडत नव्हतं. म्हणून त्या तांब्याची नाणी हलकी पाडली, पूदला २५ रूबल, आणि ती फक्त सायबेरियात चालवली. त्यावर ढाल धरलेले दोन सेबल आहेत, ते मऊ केसाळ फरचे प्राणी. १७८१ ला बंद झाली.

प्लॅटिनमची ३, ६ आणि १२ रूबलची नाणीही रशियानेच १८२८ ते १८४५ चालवली, उरलच्या प्लॅटिनमची. ती मी फक्त चित्रात पाहिली आहेत.

मुद्रांकित

ओझरच्या ताईंसाठी जपणुकीचं. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका, काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. पुठ्ठ्याचे खिडकीवाले होल्डर मिळतात, ते घ्या. नाणं कडेला धरून उचला. आणि लोहार आता १०० वर्षांचा झालाय, म्हणजे आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात बसतो. परदेशी कोणा भावा-बहिणीला पोस्टाने पाठवायचा विचार असेल तर तो सोडा.

ओझरची लेक

नाही नाही, घराबाहेरच जाणार नाही.

कड वाचली! पाण्यात ठेवून टिपलं, मग मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला. चेहरा गेलाय पण कड खरंच शाबूत आहे, तुम्ही म्हणालात तशी. बराच मजकूर आहे, ९ चा आकडा स्पष्ट दिसतो. शेवटी दोन अक्षरं आहेत. पहिलं टी-सारखं. दुसरं पी-सारखं.

रौप्यमुद्रा

ताई! पी-सारखं म्हणजे 'र'. टी आणि र. टॉमस रॉस. लेनिनग्राडच्या टांकसाळीतल्या नाण्यांवर 'प' आणि 'ल' असतं, प्योत्र लातिशेवचं. १९२४ ला इतकी चांदीची नाणी एका टांकसाळीला झेपेनात, म्हणून लंडनच्या रॉयल मिंटकडे काम दिलं आणि तिथे कोट्यवधी पोल्तिन्निक पाडले. रॉस तिथला.

म्हणजे तुमचा लोहार लंडनला पाडला गेला, जहाजाने रशियाला गेला, तिथे कोणाच्या तरी घरी ४०–५० वर्षं राहिला आणि मग ओझरला आला. चिल्लर खिशात राहते, पण १९२४ ची चांदी १९७० च्या दशकात कोणी चुकून खिशात घेऊन फिरत नाही. ती त्या गृहस्थांनी घरून मुद्दाम आणली असणार.

जुना मॉस्कोकर

मी वर म्हणालो होतो की तो काही देत नव्हता, चिल्लर उरली असेल. ते शब्द मागे घेतो. पोल्तिन्निक रशियन घरांत आजी-आजोबा सांभाळून ठेवायचे. माझ्या घरमालकिणीकडे दोन होते, रुमालात बांधलेले. ते सहज कोणाला देत नसत.

ओझरची लेक

आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, तो मित्र परत जाताना दिवाळी होती. घरी जेवायला आला होता, पुरणपोळी केली होती. निघताना त्याने ते नाणं ताटाशेजारी ठेवलं. चांदीचं आहे म्हटल्यावर बाबांनीच ते लक्ष्मीच्या ताटात ठेवलं आणि म्हणाले, हे इथेच राहील. डब्यात का नव्हतं ते आज कळलं.

आई विचारतेय, यंदा घासणार नाही, पण हळद-कुंकू वाहिलं तर चालेल का?

रौप्यमुद्रा

नाण्यावर नको, कुंकवाचा डाग चांदीवर बसतो. छोट्या वाटीत मऊ कापडावर नाणं ठेवा आणि हळद-कुंकू वाटीला वाहा. फूल नाण्याशेजारी चालेल, ओलं नको.

ओझरची लेक

सांगितलं. वाटी काढून ठेवली तिने आत्ताच.